बाथरूमची कडी: आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचून घरी आलेल्या एका गृहस्थांचे प्रकरण

हे प्रकरण एका घराचे नाही. नागपुरातल्या अशा घरांत पुन्हा पुन्हा दिसणारे प्रसंग एकाच गृहस्थांभोवती गुंफून ते रचले आहे. प्रयत्न कशाने केला हे मुद्दाम लिहिलेले नाही. ती माहिती काळजी घेणाऱ्याच्या कामाची नाही आणि ज्याच्या मनात आधीच तो विचार घोळतो आहे त्याला घातक ठरते. 'अयशस्वी प्रयत्न' हा शब्दही इथे नाही. माणूस वाचला, त्यात अपयश कसले?

गृहस्थ 43 वर्षांचे. महाल भागात छपाईचा छोटा धंदा: लग्नपत्रिका, बिलबुके, हँडबिले. करोनाच्या काळात पत्रिका थांबल्या आणि नंतर बऱ्याचशा व्हॉट्सॲपवरच फिरू लागल्या. यंत्राचा बँकेचा हप्ता, पतसंस्थेचे कर्ज, मोबाइल ॲपवरून उचललेले पैसे, वेळेआधी उचललेली भिशी आणि एका ओळखीच्या माणसाकडून महिन्याच्या टक्क्याने घेतलेली रक्कम, असे पाच तोंडांचे देणे. घरी पत्नी, दहावीत जाणारी मुलगी आणि 71 वर्षांची आई. धाकटा भाऊ बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीवर, राहायला हुडकेश्वरला. जूनच्या पहिल्या आठवड्यात, उन्हाळा अजून ओसरायचा होता तेव्हा, त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. शेजाऱ्यांनी 108 बोलावली. सहा दिवस ते रुग्णालयात होते.

त्या सहा दिवसांतल्या दोन गोष्टी पुढे कामी आल्या, म्हणून आधी त्या.

पहिली गोष्ट पोलिसांची. अशा रुग्णाची नोंद रुग्णालय एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवावे लागणारे वैद्यकीय प्रकरण, म्हणून करते आणि ठाण्याला कळवते. दुसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आले तेव्हा भावाचे पाय लटपटले. "दादावर केस होईल का?" हा त्याचा पहिला प्रश्न, आणि बहुतेक घरांचा तोच असतो. जुन्या भारतीय दंड विधानाच्या कलम 309 मध्ये एक वर्षापर्यंत साध्या कैदेची तरतूद होती, त्याची धास्ती अजून लोकांच्या मनात आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 च्या कलम 115 ने चित्र बदलले: प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे, उलट सिद्ध होईपर्यंत, धरले जाते, त्याच्यावर खटला चालत नाही, आणि त्याची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर 309 सारखे कलमच नाही. सरकारी नोकराला त्याच्या कामापासून रोखण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न, एवढाच कलम 226 मध्ये गुन्हा आहे. तरी जबाब होतो, कारण कोणी मारहाण केली का, कोणी छळले का, हे पोलिसांना पाहायचे असते. रुग्ण बोलण्याच्या स्थितीत आहे असा डॉक्टरांचा शेरा आधी लागतो. जबाब वाचून घ्यावा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगावे आणि मगच सही करावी. 'घरगुती कारणावरून' असे एका ओळीत मोघम लिहिले गेले तर पुढे त्याचा अर्थ भलताच लागू शकतो. पत्नीने तिथेच सांगितले, "कर्जाच्या वसुलीचे फोन यायचे, ते लिहा." महिन्याभराने ती ओळ उपयोगी पडली.

दुसरी गोष्ट: चौथ्या दिवशी त्यांना बरे वाटू लागले आणि नातेवाइकांपैकी एकाने घरी नेण्याचा आग्रह धरला. 'आता काय, चालून-बोलून राहिले, बिल कशाला वाढवता?' माणूस चालतो-बोलतो म्हणजे शरीरावरचा धोका टळला असे नसते. काही वेळा यकृत-मूत्रपिंडावरचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात, म्हणूनच रक्ताच्या तपासण्या ओळीने पुन्हा होतात. सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज घेतला की दोन्ही तुटते, शरीराचा पाठपुरावाही आणि मनाचाही. इथे पत्नी अडून बसली. मानसोपचार तज्ज्ञांनी भेट देईपर्यंत ती हलली नाही.

शनिवारचा डिस्चार्ज

सुट्टी झाली शनिवारी दुपारी. कागदावर लिहिलेले: 'मानसोपचार ओपीडीत दाखवणे'. कधी, कोणाला, कोण घेऊन जाणार, काही नाही. गोळ्या 30 दिवसांच्या एकदम दिल्या.

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही दिवस आणि त्यापुढचे साधारण तीन महिने हा सगळ्यात धोक्याचा काळ असतो. घरच्यांना वाटते धोका टळला. वॉर्डात दिवसरात्र माणसे होती, दिवे होते, कोणीतरी नाडी पाहत होते, आणि घरी येताच ते सगळे एकदम थांबते. ज्यामुळे हे झाले ते मात्र दारात वाट पाहत असते. फोन चालू केला की थकलेल्या हप्त्यांचे 40 संदेश येतात.

डिस्चार्जचा कागद हातात घेण्याआधी चार गोष्टी त्यावर लिहून घ्याव्यात. पुढच्या भेटीची तारीख आणि वेळ, सात दिवसांच्या आतली. डॉक्टर किंवा समाजसेवा अधीक्षक (रुग्णालयातले सामाजिक कार्यकर्ते) यांचे नाव आणि खोली. गोळ्या एका आठवड्याच्याच. रात्री गरज पडली तर कुठे यायचे. डिस्चार्जच्या आधी पुढच्या उपचाराचे नियोजन रुग्णाशी, त्याच्या प्रतिनिधीशी किंवा घरच्यांशी बोलून करावे, असे 2017 च्या कायद्याचे कलम 98 सांगते. म्हणजे मागणे गैर नाही. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये आणि मिहानचे एम्स या तिन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि धंतोली-रामदासपेठेत खासगी डॉक्टर आहेत. कुठे जायचे यापेक्षा तारीख ठरलेली आहे का, हे महत्त्वाचे. प्रादेशिक मनोरुग्णालयाचे नाव काढताच आईने तोंडाला पदर लावला. तिथेही ओपीडी असते, दाखवून त्याच दिवशी परत येता येते, हे तिला कोणी आधी सांगितले नव्हते.

पहारा

घरी आल्या दिवशी भावाने बाथरूमची आतली कडी काढली. फोन काढून घेतला. सुरी-कात्री, औषधांचा डबा, शिडी, सगळे कपाटात गेले. रात्री तो त्यांच्या खाटेशेजारी सतरंजी टाकून झोपला, म्हणजे जागाच राहिला. दिवसा दर दहा मिनिटांनी कोणीतरी डोकावायचे: "काय करून राहिले?" उत्तर ठरलेले: "काही नाही, पडून राहिलो."

वस्तू दूर करणे बरोबर होते. कडी काढणेही चूक नव्हते. आत्महत्येचा आवेग बहुतेकदा काही मिनिटांचा, फार तर काही तासांचा असतो. त्या वेळी साधन हाताशी नसेल तर माणूस तो काळ पार करतो, आणि बहुतेक जण दुसरी वाट शोधत बसत नाहीत. प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी दहातले नऊ पुढे आत्महत्येने मरत नाहीत. म्हणून हा काळ पार करून देणे हेच मोठे काम.

बिघडले ते दुसरीकडे. औषधांचा डबा कुलपात गेला, पण किल्ली स्वयंपाकघरातल्या नेहमीच्या खिळ्यालाच. आईच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या देवघराच्या कोनाड्यात तशाच, कारण 'त्या तर आईच्या'. छपाईच्या दुकानातल्या रसायनांचा तर कोणी विचारच केला नाही. घर झाडायचे तर सगळे झाडावे: घरातल्या प्रत्येकाच्या गोळ्या, जुन्या अर्धवट पट्ट्या, दुकान, गच्ची, आणि गावी शेत असेल तर तिथले फवारणीचे डबे. ते घरात कुलपात ठेवण्यापेक्षा घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात बरे. मुख्य म्हणजे हे चोरून करू नये. त्यांना सांगून, शक्य तर त्यांच्याच हातून करावे. 'तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नाही, ती वाईट वेळ पुन्हा आली तर तिला हाताशी काही मिळू नये म्हणून.' शेवटी हीच पद्धत चालली: गोळ्यांची किल्ली भावजयीकडे हुडकेश्वरला, घरी फक्त सात दिवसांचा साठा, तोही पत्नीच्या पर्समध्ये. रोजची गोळी तिच्या हातून, पाण्याच्या ग्लासासह.

आणि पहारा. चौथ्या दिवशी ते बाथरूममध्ये होते, भावाने दार ढकलले, आणि ते तिथेच मोठ्याने रडले. त्या रात्री ते जेवले नाहीत. सतत डोकावण्याने माणूस सुरक्षित होतो असे घरच्यांना वाटते. त्याला मात्र त्यातून एकच गोष्ट ऐकू येते, की मी आता माणूस नाही, जोखीम आहे. त्यात जागून जागून घरचे आठवडाभरात थकतात आणि आठव्या दिवशी सगळे एकदम सुटते. आठवा दिवस पहिल्यापेक्षा सुरक्षित असतोच असे नाही.

पाचव्या दिवशीच्या ओपीडीत बदल ठरला. पहिले दोन आठवडे एकटे ठेवायचे नाही हे कायम, पण पाळ्या लावून: सकाळी पत्नी, दुपारी 1 ते 5 शेजारचे निवृत्त गुरुजी, संध्याकाळी भाऊ किंवा भावजय. पाळीवरच्या माणसाने बसून राहायचे नाही, काहीतरी सोबत करायचे. कॅरम, भाजी निवडणे, गच्चीवर कूलरची टाकी धुणे, चालत कोपऱ्यावर तर्री-पोहे खायला जाणे. बाथरूमला कडी नाही, पण दारावर टकटक केल्याशिवाय आत यायचे नाही, आणि 15 मिनिटांची मुभा. फोन परत दिला; पत्नीने वसुलीचे क्रमांक आधी स्वतःच्या वहीत उतरवून घेतले आणि त्यांच्या फोनवर ते बंद केले. गुरुजींचा इथे फार उपयोग झाला, कारण ते नातेवाईक नव्हते. त्यांनी एकदाही 'का केलं' विचारले नाही. पावसाची वाट आणि क्रिकेट, एवढ्यावर त्यांच्या दुपारी निघाल्या.

शपथ

भेटायला येणाऱ्यांनी जे बोलायचे ते बोलून झालेच होते. "एवढं काय आभाळ कोसळलं होतं?" "पोट्टीचं तोंड तरी आठवायचं होतं." आत्याने तर मुलीला पुढ्यात बसवले, त्यांचा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली: पुन्हा असे करणार नाही.

आपल्याकडे हे प्रेमाने होते, आणि फसते. शपथेने विचार थांबत नाही, विचार सांगणे थांबते. पुढच्या वेळी मनात आले तर आता तो शपथभंगही असतो, मुलीच्या जिवावरचा. मग कोण सांगणार? वैद्यकातही पूर्वी रुग्णाकडून 'मी असे करणार नाही' असे लिहून घ्यायची पद्धत होती. त्याचा उपयोग दिसला नाही म्हणून ती मागे पडली. तिच्या जागी सुरक्षा योजना आली. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी मांडलेली ही सहा पायऱ्यांची योजना एका कागदावर मावते. 'करणार नाही' असे वचन तीत नसते, 'मनात आले तर काय करीन' हे असते.

त्यांचा कागद ओपीडीत बसून लिहायला पाऊण तास लागला. लिहिला त्यांनीच, स्वतःच्या शब्दांत. पहिल्या पायरीत धोक्याची चिन्हे येतात, आणि ती मोघम चालत नाहीत. 'उदास वाटणे' त्यांनी स्वतःच खोडले आणि लिहिले: 'रात्री 2 वाजता हिशोब डोक्यात फिरतो. फोन पालथा ठेवतो. अर्धी पोळी ताटात टाकतो.' दुसऱ्या पायरीत एकट्याने करता येण्यासारखे: गार पाण्याने डोके धुणे, गच्चीवर न जाता अंगणात फेऱ्या, जुने ट्रान्झिस्टर उघडून बसणे. तिसऱ्यात मन दुसरीकडे जाईल अशी माणसे आणि जागा, जिथे काही सांगावे लागत नाही: गुरुजी, कोपऱ्यावरची टपरी, टेकडी गणपतीचे देऊळ. चौथ्यात ज्यांना खरे सांगता येईल ते. इथे त्यांनी आधी पत्नीचे नाव लिहिले, मग थांबून भावाचे आधी लिहिले. "तिला रात्री उठवायचं नाही." पत्नी शेजारीच होती. तिने पेन घेऊन आपले नाव परत वर नेले. पाचव्यात डॉक्टरांचा आणि समाजसेवा अधीक्षकांचा क्रमांक, टेली मानस 14416, आणि अगदी तातडीला 112 किंवा सरळ कॅज्युअल्टी. टेली मानस ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली, दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. सहावी पायरी घर सुरक्षित करण्याची. ती वर आलीच.

कागदाच्या चार प्रती केल्या. एक त्यांच्या पाकिटात, एक पत्नीकडे, एक भावाकडे, एक कपाटाच्या दाराला आतून. भिंतीवर लावू नये, येणारा-जाणारा वाचतो.

घरच्यांना मात्र एक गोष्ट शिकावी लागते, आणि ती सगळ्यात अवघड: सरळ विचारणे. 'विचारले तर डोक्यात येईल' ही भीती खोटी आहे. विचारल्याने विचार येत नाही, उलट बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते. पत्नीने हे शब्द तोंडपाठ केले: "जीव द्यावा असं आज मनात आलं का?" हो म्हटले तर, "कसं करायचं ते ठरवलंय का?" आणि मग, "आज करावंसं वाटतंय का?" पहिल्यालाच हो आणि पुढे नाही, तर बसायचे, ऐकायचे, कागदाच्या पायऱ्या काढायच्या, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवायचे. दुसऱ्या किंवा तिसऱ्याला हो, तर त्यांना एका क्षणासाठीही एकटे सोडायचे नाही आणि लगेच रुग्णालय; रात्र आहे, पाऊस आहे, सकाळी पाहू, असे म्हणायचे नाही. उत्तर ऐकताना 'असं बोलू नका ना' म्हणायचे नाही. ते पहिल्या खेपेला तिच्या तोंडून निघालेच.

मुलगी

मुलीला सांगितले होते की बाबांना विषबाधा झाली, बाहेरचे खाल्ले. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. त्यामुळे दोन आठवडे ती घरातच होती आणि शाळा उघडायच्या आत तिला सगळे शेजारच्या मुलीकडून कळले होते. ती बोलली नाही. फक्त रात्री तीनदा उठून बाबांचा श्वास चालू आहे का पाहायची. हे पत्नीला दहाव्या दिवशी कळले.

मुलांना वयाप्रमाणे, थोडक्यात, पण खरे सांगावे. पद्धत सांगायची गरज नाही. आई-बाबांनी दोघांनी मिळून तिला सांगितले: बाबांचे मन खूप आजारी पडले होते, इतके की त्यांना जगणे नको झाले, आता औषध चालू आहे, यात तुझा काहीही दोष नाही, आणि बाबांवर लक्ष ठेवणे हे तुझे काम नाही, ते मोठ्यांचे आहे. शेवटचे वाक्य विसरू नये. ती म्हणाली, "मी त्या दिवशी ट्यूशनच्या फीचं विचारलं होतं." तेवढे एक वाक्य तिने दहा दिवस पोटात ठेवले होते. शाळेत वर्गशिक्षिकेला एवढेच कळवले की घरात आजारपण आहे, मुलगी शांत वाटली तर फोन करा.

औषध

नैराश्याचे औषध सुरू केले की पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणे होऊ शकते. मन सुधारायला दोन ते चार, कधी सहा आठवडे लागतात. मधल्या काळात एक फट असते: हातापायांत ताकद आधी येते, मनातले अंधारलेपण नंतर जाते. घरच्यांना 'आता उठून बसतात, सुधारले' असे वाटते ते याच दिवसांत. फार बेचैनी, एका जागी बसवेना, झोप अजिबात उडाली, असे दिसले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी कळवायचे; 25 च्या आतल्या रुग्णांत तर आणखी बारीक लक्ष. बरे वाटल्यावरही औषध सहसा सहा महिने किंवा जास्त चालते. बंद करायचे ते डॉक्टरांनी, हळूहळू कमी करत. दारू या काळात अजिबात नाही. ते फारसे पीत नव्हते, पण 'दोन घोट घे, झोप लागेल' म्हणणारा मित्र तिसऱ्या आठवड्यात आलाच. त्याला भावाने फाटकावरूनच वाटेला लावले.

देणे

मूळ दुखणे गोळीने जात नाही. ते "वीस-बावीस लाख" म्हणत होते. तिसऱ्या आठवड्यात पत्नी आणि भाऊ बसले, सहा रकाने आखले: कोणाचे, बाकी किती, हप्ता किती, कधीपासून थकले, कागद आहे का, फोन कोण करते. बँक 4,20,000. पतसंस्था 2,60,000. ॲप 85,000. भिशी 1,15,000. खासगी माणूस 2,60,000. बेरीज 11,40,000. रात्री दोनला डोक्यात फिरणारा आकडा कागदावरच्या आकड्याच्या जवळपास दुप्पट होता. त्यांना ही यादी दाखवली ती दुपारी, डॉक्टरांना विचारून, आणि पुढे काय करायचे हे शेजारी लिहूनच. नुसती यादी दाखवली असती तर घाव झाला असता.

बँकेत व पतसंस्थेत पत्नी आणि भाऊ गेले, आजारपणाचे प्रमाणपत्र जोडून हप्त्यांची मुदत वाढवण्याचा अर्ज दिला, पोच घेतली. प्रमाणपत्रावर आजाराचे नाव लिहायची गरज नसते. 'उपचाराखाली, विश्रांतीची गरज' पुरते. मानसिक आजाराची माहिती गुप्त राखणे हा 2017 च्या त्याच कायद्याच्या कलम 23 खाली रुग्णाचा हक्क आहे. बँकेच्या वसुली एजंटाने सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे; वहीत उतरवलेल्या वेळा तक्रारीला जोडल्यावर रात्रीचे फोन थांबले. ॲपवाले नातेवाइकांना फोटो पाठवायच्या धमक्या देत होते. त्यासाठी 1930 या सायबर हेल्पलाइनवर आणि सायबर ठाण्यात तक्रार. टक्क्याने पैसे देणाऱ्याकडे सावकारीचा परवाना नव्हता. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 प्रमाणे विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात होते. तक्रारीची नुसती तयारी दिसल्यावर तो माणूस व्याज सोडून मुद्दलावर आला. पोलिसांच्या जबाबातली पत्नीची ती ओळ इथे कामी आली.

भिशीचे मात्र कागद नसतात, तिथे तोंडाचाच व्यवहार. पत्नीने दोन बांगड्या मोडल्या आणि भिशी आधी मिटवली, कारण त्या दहा बायका रोज समोर दिसणार होत्या. हिशोबाच्या दृष्टीने आधी जास्त व्याजाचे फेडावे. पण या घराला त्या वेळी गल्लीतून मान वर करून चालणे जास्त गरजेचे होते, आणि तिचा निर्णय बरोबर ठरला.

सातवा आठवडा

पाठपुराव्याचे वेळापत्रक जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीवर बसवले होते: सुरुवातीला तासाभराचे सविस्तर बोलणे, मग 1, 2, 4, 7, 11 व्या आठवड्यात आणि 4, 6, 12, 18 व्या महिन्यात एक फोन किंवा भेट. फोन पाच-दहा मिनिटांचा: झोप कशी, जेवण कसे, विचार येतो का, काही हवे का. एवढ्या साध्या गोष्टीने काय होते, असे वाटेल. चेन्नईसह पाच ठिकाणी, 1,867 जणांवर ही पद्धत तपासली, निष्कर्ष 2008 मध्ये आले: 18 महिन्यांत आत्महत्येने मृत्यू नेहमीच्या उपचाराच्या गटात 2.2 टक्के, संपर्क ठेवलेल्या गटात 0.2 टक्के.

सहाव्या आठवड्यापर्यंत ते दुकानात दोन तास बसू लागले होते. शटर भाऊ उघडायचा, रसायने मोजकी, कामगार सोबत. गिऱ्हाइकांनी विचारले तर काय सांगायचे तेही ठरलेले: "तब्येत बिघडली होती, आता बरं आहे." त्यापुढे कोणी खोदले तर, "बोला, किती प्रती पाहिजे?" सगळे रुळावर आल्यासारखे झाले आणि नेमके तेव्हाच हात सैल पडले. पाळ्या संपल्या. सातव्या आठवड्याची भेट 'पाऊस फार आहे' म्हणून चुकली. समाजसेवा अधीक्षकांनी फोन केला तो 'बरे आहेत' म्हणून पत्नीनेच उरकला.

त्याच आठवड्यात एका रात्री ते 11 वाजता विम्याचे कागद, घराची पावती, यंत्राची कागदपत्रे ओळीने लावत बसले होते. शांत होते, नेहमीपेक्षा जास्त. पत्नीने पाहिले, ताटातली अर्धी पोळी आठवली, आणि विचारले. पहिल्या प्रश्नाला हो. दुसऱ्याला, "नाही, ठरवलं नाही. पण मी नसलो तर विम्यातून फिटेल, असं मनात येऊन राहिलं." तिसऱ्याला नाही. तिने 'असं बोलू नका' म्हटले नाही. 14416 लावला, स्पीकरवर ठेवला. ते 20 मिनिटे बोलले. मग भाऊ आला, रात्री थांबला, सकाळी ओपीडी. औषधात बदल झाला, आठवड्याला समुपदेशन सुरू झाले आणि पाळ्या दोन आठवड्यांसाठी परत लागल्या. याला 'पुन्हा पहिल्यासारखे झाले' म्हणता येणार नाही: जूनमध्ये हेच विचार त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. आणि यापुढचे फोन त्यांनी स्वतः घ्यायचे ठरले.

पत्नीकडे मात्र कोणी पाहिले नव्हते. आठव्या आठवड्यात तिलाच चक्कर आली. रक्तदाब वाढलेला, झोप चार तास. काळजी घेणाऱ्यालाही एक पाळी लागते, सुट्टीची. रविवारी दुपारी ती बहिणीकडे नंदनवनला जाऊन नुसती झोपायची, आणि त्या चार तासांत तिला फोन करायचा नाही असा भावाने नियम केला.

अकराव्या आठवड्यात पोळा आला. दुसऱ्या दिवशी महालात मारबत, म्हणजे इडा-पिडा घालवायची म्हणून काढतात ती पुतळ्यांची मिरवणूक, निघाली तेव्हा दुकानासमोर नेहमीसारखी खच्चून गर्दी. गर्दीत जाऊ द्यावे की नाही, यावर घरात वाद झाला. ते मुलीबरोबर दुकानाच्या ओट्यावर उभे राहिले. 'इडा-पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणताना आईचा आवाज फाटला. त्यांनी तिला ओट्यावर बसवून पाणी दिले.

चौथ्या महिन्यात बाथरूमची कडी परत बसली. डॉक्टरांना विचारून, सगळ्यांसमोर, स्क्रू त्यांनीच पिळले. नव्या कडीला बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी खाच आहे. ती खाच त्यांनी स्वतः मुलीला दाखवली आणि मग म्हणाले, हे आईला सांग, तुझं काम नाही.

सहाव्या महिन्यात गोळ्या चालू आहेत, साठा आता 15 दिवसांचा, किल्ली अजून हुडकेश्वरलाच. देणे 7,90,000 वर आले आहे. रात्री दोनला जाग अधूनमधून येते. तेव्हा ट्रान्झिस्टर उघडतात. दोन दुरुस्त झाले आहेत, एक कायमचे बिघडले. पुढचा फोन बाराव्या महिन्याचा. तारीख कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिलेली आहे.